आधी स्टिअरिंग बघतील

वाचकांचे प्रश्न : छोट्या गाड्या

(उत्तरं देणारे गृहस्थ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ३६ वर्षं फाउंड्रीसाठी, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, लाकडी पॅटर्न (ज्याच्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना) करत होते. आता घराच्या माळ्यावर छोट्या गाड्या जोडतात. – संपादक)

प्रश्न : माझे वडील एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. महिंद्राची पेट्रोल जीप, वर ताडपत्री. या दिवाळीत त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. शोकेसमध्ये ठेवायला तशी छोटी जीप द्यावी असं मनात आहे. दोन पर्याय सापडलेत. एक, आपल्या देशातच बनणारं, एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं), लेझरनं कापलेलं, घरी जोडायचं किट, ७५० रुपये. दुसरी परदेशातून आलेली, धातूची, जोडून-रंगवून तयार, १:१८ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याची, ४,२०० रुपये. शाळेतले सहकारी म्हणतात, स्वदेशी घ्या. बायको म्हणते, तुमच्या हातानं भिंतीत खिळा सरळ जात नाही, तयार घ्या. फोटो सोबत पाठवतोय. काय करू? – एक शिक्षक, कागल

उत्तर : गुरुजी, वहिनींचं म्हणणं शेवटाला घेतो, कारण सगळ्यांत वजनदार तेच आहे.

तयार जीपचा फोटो मी भिंग लावून बघितला. बॉनेटवर पांढरी चांदणी आहे. समोरच्या जाळीत नऊ खाचा आहेत. बॉनेट बसकं आहे. ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्कराची विलीज एमबी. गाडी देखणी आहे, रंगही सुरेख दिलाय, पण ती तुमच्या वडिलांची गाडी नाही. महिंद्राची जी जीप आपण कारखान्यांच्या, तहसीलच्या, पाटबंधारे खात्याच्या दारात बघत आलो ती सीजे-३बी. तिला सात खाचा, आणि बॉनेट उंच, एखाद्या ट्रंकेसारखं. त्या उंचीला कारण आहे. विलीज कंपनीनं नवीन इंजिन काढलं, त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये घेतले. इंजिनाची उंची वाढली, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ साली बॉनेटच वर उचललं. दिसायला कशी दिसेल याचा विचार कुणी केला नसावा. पण आपल्याकडं ‘जीप’ म्हटलं की डोळ्यांपुढं येतं ते हेच उंच कपाळ.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फोटोतल्या जीपचं स्टिअरिंग डावीकडं आहे. तुमचे वडील डबा उघडतील, चष्मा लावतील आणि आधी स्टिअरिंग बघतील. ज्या माणसानं उजवा पाय बाहेर काढून, वाकून चाक बघत, उसाच्या बांधावरून गाडी घातली, त्याला डावीकडचं स्टिअरिंग दाखवायचं? ‘छान आहे रे’ म्हणतील आणि ठेवून देतील. चार हजार दोनशे रुपये ‘छान आहे रे’ला फार झाले.

म्हणून लगेच किटकडं पळू नका. तुम्ही म्हणता तसलंच एक किट, दुसऱ्या कुणाचं, सध्या माझ्या टेबलावर उघडं पडलंय. बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, पण खोडी सांगतो. फळी ३ मिलिमीटर जाड आहे. १:१८ च्या हिशेबानं खऱ्या गाडीत ती ५४ मिलिमीटर भरते. जीपचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. म्हणजे आमच्या किटमधल्या जीपला पत्र्याऐवजी भिंती आहेत. कडा लेझरनं जळून काळ्या झाल्यात, चुलीतल्या लाकडासारखा वास येतो. कागदावर चौथी आणि सातवी पायरी एकच छापलीय. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डब्यावर १:१८ लिहिलंय. खऱ्या जीपचं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. त्याला १८ नं भागलं की ११३ मिलिमीटर यायला पाहिजे. मी व्हर्निअर लावला तर १०४ भरलं. म्हणजे जीप साडेएकोणिसाव्या हिश्श्याची झाली आणि डब्यावर छापलेलं माप नुसतं शोभेला. उद्यमनगरात पॅटर्नमध्ये अशी नऊ मिलिमीटरची चूक झाली असती तर फाउंड्रीवाल्यानं पॅटर्न माझ्याच डोक्यात घातला असता. देशी आहे म्हणून मी अशी खोड माफ करत नाही. तुमच्या सहकाऱ्यांनाही तसं कळवा.

तरीही किटच घ्या म्हणतो. कारण किटमधली गाडी अजून कुणाची झालेली नसते. स्टिअरिंगची दांडी कुठल्या भोकात घालायची ते तुमच्या हातात. भोक डावीकडं असलं तर उजवीकडं नवीन पाडायचं, जुनं बुजवायचं. बॉनेट बसकं असलं तर खाली पट्टी देऊन उचलायचं. तयार धातूच्या गाडीत हे करायला गेलात तर रंग जाईल, गाडी जाईल आणि वहिनींची बोलणी खावी लागतील.

बॉनेट किती उचलायचं? वडिलांचा जीपबरोबर फोटो असणारच, त्या काळी प्रत्येक ड्रायव्हरचा असायचा. बरोबर बाजूनं घेतलेला फोटो शोधा. त्यावर पट्टीनं दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, मग बॉनेटची उंची मोजा. किटचं चाकांमधलं अंतर तुम्हाला माहीत आहे. पुढचं त्रैराशिक, ते तुम्ही पोरांना शिकवताच. जेवढा फरक येईल तेवढ्या जाडीचा पुठ्ठा फेविकॉलनं थरावर थर लावून बॉनेटखाली द्यायचा आणि फटीत लांबी भरायची. लांबी म्हणजे डेंटिंग-पेंटिंगवाले मारतात तीच, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

जाड भिंतींवर उपाय असा. पूर्ण फळी पातळ करायला जाऊ नका, मोडेल. जिथं कड दिसते, म्हणजे पायाजवळचा कट, मागचं फळकं, तिथं आतून तिरका उतार द्या. बाहेरून कड मिलिमीटरची दिसली की डोळा फसतो. यासाठी साधी कानस जाड पडते. मी हुपरीला एका चांदी कारागिराकडून बारीक कानशींचा संच घेतला होता, त्या अजून वापरतो. कापलेल्या कडा रंग ब्लॉटिंग पेपरसारखा पितात, तेव्हा आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात द्या, वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर मारा, मगच रंग. आणि रंग पाऊस उघडल्यावर. जुलै-ऑगस्टच्या हवेत फवारलेला लॅकर पांढरट पडतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसतो. माझी एक लाल एसटी अशी गुलाबी झालीय.

आता स्वदेशीचं. ज्या जीपची आपण एवढी चर्चा करतोय ती स्वतःच सुट्या भागांत आली होती. १९४०च्या दशकाच्या शेवटी महिंद्रानं विलीजच्या जीपचे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि पुढं हळूहळू भाग इथंच बनायला लागले. म्हणजे मूळची गाडीसुद्धा परदेशी किटच. इथल्या माणसांनी ती जोडली, स्टिअरिंग उजवीकडं असलेली चालवली आणि आपली केली. तुमच्या सहकाऱ्यांना आणि वहिनींना एकाच वेळी गप्प करायला एवढं पुरेल.

पण वहिनींचा मुद्दा खराच आहे. फक्त इथं खिळा नाही. फेविकॉल धरायला दहा मिनिटं घेतं, तोवर चुकलेलं सरळ करता येतं. हाताला कामाची सवय नसलेल्या माणसाला यापेक्षा सोपं काम मिळायचं नाही. एक मात्र करा, वडिलांपासून लपवू नका. जीपचा रंग खाकी होता की करडा, पाण्याचा कॅन कुठं बांधायचे, ताडपत्री मागून गुंडाळायचे की सोडून द्यायचे, हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार? फोटो तर काळा-पांढरा असेल.

आणि ती चांदणीवाली जीप वाईट नाही. सैनिक टाकळीसारख्या गावात एखाद्याचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात गेले असतील, तर त्या घरातल्या शोकेसला ती शोभेल. तिथं स्टिअरिंग डावीकडंच पाहिजे.

प्रश्न : २०१९ साली ९०० रुपयांना परदेशी तयार गाडी घेतली होती. तिच्याच जोडीची दुसरी आता अडीच हजार सांगतात. दुकानदार लुटतोय का? – एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : थोडं लुटत असेलही, मी त्याची वही बघितलेली नाही. पण सगळं पाप त्याच्या माथी मारू नका. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७०. तुम्ही म्हणाल, माझी गाडी खेळणं कुठाय, डब्यावर ‘मोठ्यांसाठी’ छापलंय. पण कस्टमच्या यादीत ९५०३ या एकाच कलमाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि प्रमाणात बनवलेली छोटी मॉडेलं एकत्र बसतात. हजाराच्या मालावर सातशे ड्युटी, वर जीएसटी, वर वाहतूक. त्यात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. मी ज्या दुकानात जातो त्यानं या भानगडी नकोत म्हणून परदेशी माल निम्म्यावर आणला. आता त्याच्या वरच्या फळीवर कुकरच्या शिट्ट्या आहेत.

तुम्हाला नुसती गाडी जमवायची असेल आणि ती आपल्या रस्त्यावरची चालणार असेल, तर सेंटीसारख्या देशी कंपनीच्या प्लॅस्टिकच्या, मागं ओढून सोडायच्या गाड्या बघा. अँबॅसडर, रिक्षा, बस. काही शे रुपयांत येतात आणि त्यांची बाह्यरेषा पुष्कळदा मला महागड्या गाड्यांपेक्षा प्रामाणिक वाटते. परदेशातला कारखाना तुमच्यासाठी रिक्षा कशाला बनवेल?

तशी देशी-परदेशीची सरहद्द या छंदात कधीच सरळ नव्हती. इंग्लंडच्या डिंकी गाड्यांचे साचे कलकत्त्याला आले आणि १९६८ पासून त्यांतून ‘निकी टॉईज’ निघायला लागल्या. त्यातली एक माझ्याकडं आहे, मेव्हण्यानं दिलेली. आणि उलटही झालं. ब्रिटनच्या एअरफिक्सची विमानांची किटं २०१०च्या दशकात बघा, कितीतरी डब्यांवर ‘मेड इन इंडिया’ आहे. लोक ती परदेशी म्हणून आणायचे, ड्युटी भरून. मी एकाला डब्याची बाजू वळवून दाखवली तर तो माझ्यावरच चिडला.

प्रश्न : काका, मामांनी मला प्लॅस्टिकच्या गाडीचं परदेशी किट दिलं. मी फेविक्विकनं जोडलं. पुढची काच पांढरी झाली आणि दोन बंपर मोडले. आई म्हणते, पुढच्या वेळी जोडलेलीच आणू. मी काय करू? – आठवीतला विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : बाळा, आईला सांग की काच आम्हा सगळ्यांची पांढरी झालीय. फेविक्विकची वाफ उठते आणि गुळगुळीत काचेवर बसून गोठते. थोडी पांढरी असेल तर मऊ कापडावर टूथपेस्ट घेऊन हळू घास, बरीच उजळेल. पुढच्या वेळी काचेला फेविकॉलचा बारीक थेंब, वाळल्यावर दिसत नाही. बाकी भागांना प्लॅस्टिक किटसाठीचा पातळ डिंक मिळतो. तो दोन्ही बाजू किंचित वितळवून एकजीव करतो. खिडकी उघडी ठेवून लाव, वास घेत बसू नको.

किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, तिच्यातून बंपर तू पिरगळून काढले असणार. पिरगळायचं नाही. आजीचं नेलकटर घे, भागापासून मिलिमीटरभर लांब काप आणि उरलेलं कानशीनं काढ. भागाच्या आतल्या बाजूला बारके गोल ठसे दिसतात ना? साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ते ठसे. दोन अर्ध्या साच्यांच्या सांध्याची बारीक रेघ पण दिसेल. मी जन्मभर त्या रेघेबरोबर भांडलो. तू नुसती घासून टाक. दोन बंपर म्हणजे काही नाही, मी अख्खी छतं मोडलीत.

प्रश्न : माझ्या भावाची जुनी धातूची गाडी काचेच्या कपाटात आहे. कुणी हात लावत नाही, तरी तिला वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्यात आणि दारं फुगलीत. शेजारच्या नव्या गाड्यांना हे लागेल का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही लागणार ताई. हा रोग आहे, पण संसर्गाचा नाही. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्यात सुमारे चार टक्के अॅल्युमिनियम. ओततानाच भट्टीत किंचितसं शिसं शिरलं की धातूच्या कणांमधल्या सांध्यांना आतून कीड लागते, आणि ती बाहेर दिसायला कित्येक वर्षं जातात. दमट हवेत लवकर. शेजारच्या गाडीचा धातू चांगला असेल तर तिला काही होत नाही. तुमच्या या गाडीला उपाय नाही, लांबी भरू नका, आतलं फुगतच राहील. भावाला एक फोटो काढून पाठवा आणि गाडी वेगळ्या डब्यात ठेवा, कारण तिचा भुगा सगळ्या कपाटात होईल. कपाट उघडलंच आहे तर नव्या गाड्यांची मऊ टायरंही उचलून बघा. काही टायरांतलं तेल खालच्या पारदर्शक स्टँडला वितळवून चिकटतं. चाकाखाली कागदाचा तुकडा घाला, झालं.

प्रश्न : कोल्हापुरात एवढ्या फाउंड्र्या असताना इथं धातूच्या छोट्या जीपचं किट का बनत नाही? – पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : हा प्रश्न मी स्वतःला दर पावसाळ्यात विचारतो.

आपल्या फाउंड्र्या वाळूत ओततात. शिरोलीला, गोकुळ शिरगावला जा, इंजिनचे, पंपाचे, ट्रॅक्टरचे भाग दिसतील. वाळूच्या साच्यात तीन-चार मिलिमीटरपेक्षा पातळ भिंत ओतणं म्हणजे जुगार. १:१८ ची जीप वाळूत ओतली तर त्या एमडीएफच्या किटसारखाच दोन इंची पत्रा होणार, वर वाळूच्या दाण्यांचा खरखरीतपणा. छोट्या गाड्या बनतात त्या डायकास्टिंगनं. वितळलेलं जस्त दाबानं पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, मारायचं. भिंत मिलिमीटरभर, पृष्ठभाग काचेसारखा. पण त्या डायला येणारा खर्च हजारोंनी गाड्या विकल्याशिवाय निघत नाही, आणि सीजे-३बी घेणारे आपण किती? मी, तू, आणि कागलचे गुरुजी. सोनार वापरतात ती मेणाची पद्धत आहे, रबराच्या साच्यात नरम धातू ओतायची पद्धत आहे. परदेशात घरगुती कारागीर त्यावर थोडी-थोडी किटं काढतात. तुमच्या पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये ते करून बघायला काय हरकत आहे? मास्तरांना विचार.

मी माझ्यापुरतं एक करून बघितलं. मोठ्या मापात, १:८ ला, जीपचं चाक. हाताच्या पंजाएवढं. सागवानाचा पॅटर्न केला, अॅल्युमिनियम गार होताना मीटरमागं १३ मिलिमीटर आकसतं तेवढं माप वाढवलं, बिडाला १० लागतं. साच्यातून निघावा म्हणून बाजूंना उतार दिला. उद्यमनगरात एका मित्राची अॅल्युमिनियमची भट्टी आहे. दिवसाचं काम आटोपल्यावर त्यानं उरलेला माल माझ्या साच्यांत ओतला. मजुरी म्हणून दोन कप चहा.

चार चाकं ओतली. तीन अशी निघाली की मी घरी येईपर्यंत खिशात हात घालून चाचपत होतो. चौथ्याला हवा जायला मी वाट ठेवायला विसरलो, ३६ वर्षं पॅटर्न करून, आणि बरोबर मध्यावर फुगा धरला. मित्र म्हणाला, ‘ते स्टेपनीला लाव की, मागं कोण बघतंय.’

जीपची स्टेपनी बाहेर टांगलेली असते, सगळे तीच बघतात. अजून दोन ओतायची आहेत.